चोवीस हातांचं घर

पाटीलपाडा, मोलगी
१२ एप्रिल २०२४

चि. हेमराजला मोठ्या बहिणीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाठीच, बोकड एकही नाही. तूही बरा असशील. तुमच्या पोल्ट्रीत कोंबड्यांना पंखे असतात म्हणे, म्हणजे माणसांनाही वारा लागत असेल.

फोन केला की तू "हं" म्हणतोस आणि रेंज गेली म्हणून ठेवतोस. रेंज आमच्याकडे जाते रे, नवापूरला नाही. म्हणून हे पत्र. आपल्या पाड्यातला गोकुळ परत तिकडे कामाला निघालाय, त्याच्या हाती देते. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझं अक्षर सुधारलंय, वाचायला त्रास होणार नाही.

कामाचं लिहिते. घरावरच्या नळ्यांची कौलं आता टिकत नाहीत. माकडं रोज छपरावर उड्या मारतात, आणि मातीच्या नळ्या पाडणारे वाहरूबाबा गेल्यापासून नवीन मिळत नाहीत. तेव्हा पावसाच्या आधी पत्रे टाकायचं ठरवलंय. मोलगीच्या नवनीतशेठच्या दुकानात गेले होते. त्याने विचारलं, घर केवढं? मी म्हटलं, लांबी चोवीस हात. बाबा नेहमी तेच सांगायचे. त्याने हात दीड फुटाचा धरून छत्तीस फूट लिहिले. पत्रा तीन फूट रुंद, पण एकावर एक चढवल्यावर अडीचच फूट कामाला येतो. तर एका उताराला पंधरा, दोन्ही उतारांना मिळून तीस.

पण हे सगळ्या घराचं झालं. माझा नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा बाबांनी मधोमध कूड घालून अर्धं घर मला दिलं, हे तुला माहीतच आहे. माझ्या अर्ध्यालाच टाकायचे तर सोळा पुरतात. आता गंमत बघ. दोघांनी वेगवेगळे घेतले तर सोळा आणि सोळा बत्तीस, आणि एकत्र घेतले तर तीस. वेगळं राहणं महाग पडतं.

तू शेडवर पत्रे ठोकलेत, तुला यातलं कळतं. तेव्हा एवढंच कळव, सोळा मागवू की तीस?

तुझ्या भागात मी रोज झाडू मारते. कोणी राहत नाही तरी कचरा होतोच. संध्याकाळी शेळ्यांशी बोलते. त्या तुझ्यासारखं "हं" तरी म्हणत नाहीत.

बाबा गेले त्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही. पोषण आहाराचं रजिस्टर अर्धं राहिलंय.

तुझी बहीण,
तुळशी


पाटीलपाडा
२९ मे २०२४

हेमराज,

तुझं उत्तर मिळालं. गोकुळने खाद्याच्या पोत्याची चिठ्ठी हातात ठेवली, तिच्या मागे एकच शब्द. सोळा. ना ताई, ना बाई, ना खाली नाव. मला वाईट वाटलं. दोन दिवस मी भाकरीसुद्धा नीट थापली नाही. मग रागाने मोलगीला गेले आणि तीस मागवले. लहानपणापासून तुझं मी कधी ऐकलंय?

रविवारी लाहा बोलावला, एका जेवणावर सगळा पाडा कामाला. घरटी एक माणूस आला, बावीस जण झाले. सकाळी नळ्या उतरवल्या. सुरुपसिंगकाका आढ्यावर चढले, दोरी लावून बघितली आणि वरूनच ओरडले, "तुळशी, दोन पत्रे कमी पडतात!" मी म्हटलं असं कसं होईल, चोवीस हातच आहे. काकांनी आपला हात आढ्याला लावला आणि हसायला लागले. घर बाबांनी मोजलं होतं, स्वतःच्या हाताने. बाबा आपल्याच दारातून वाकून आत यायचे. त्यांचा हात दुकानातल्या दीड फुटात कसा बसेल? हे मला आधी सुचायला हवं होतं. अंगणवाडीत पोरांची उंची मी पट्टीने मोजते आणि घर मात्र बापाच्या शब्दावर.

म्हणजे एका टोकाला, दोन्ही उतारांवर, एकेका पत्र्याएवढं छप्पर उघडं राहणार. कोणत्या टोकाला, ते ठरवायचं होतं. काका म्हणाले, "राहतं माणूस आधी झाकायचं. तुझ्या चुलीकडून सुरू करतो."

मी म्हटलं, "नाही. हेमराजकडून सुरू करा."

काका चिडले. "जो बापाला लाकूड लावायला आला नाही, त्याच्यासाठी तू भिजणार?"

लाकडाचं हेच ते तीन वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर तू आलास तेव्हा, सगळ्यांसमोर तुला म्हणाले होते. तेव्हा तू माझ्याकडे बघितलं होतंस. मी खाली बघत राहिले. माझं ते खाली बघणं तू पाहिलंस, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेलास.

या वेळी मी वर बघितलं. भाताचा चमचा हातात होता, तो तसाच धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. बाबा आजारी पडले तेव्हा हेमराजने फोन केला होता, येऊ का म्हणून विचारलं होतं. मीच म्हटलं साधा ताप आहे, पिल्लांची नवी खेप आलीय तर ती सांभाळ, येऊ नको. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. मी तोंड उघडलं नाही, कारण लोक म्हणतील की अर्ध्या घरासाठी हिने भावाला लांब ठेवलं, याची मला भीती वाटली. तुझी अब्रू घालवून मी माझी झाकली.

काकांनी सगळे पत्रे ठोकले, तुझ्याकडूनच सुरू करून, पण जेवायला थांबले नाहीत. त्यांच्यामागून आणखी बरेच गेले. बावीस जणांचा भात, जेवले सात. उरलेला शेळ्यांना दोन दिवस पुरला. आता पोरं अंगणवाडीत येतात, पण त्यांच्या आया दारातूनच परत फिरतात. पाण्यावर माझ्याशी कोणी बोलत नाही. मला फार एकटं वाटतं, हेमराज. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

उरलेल्या दोन पत्र्यांसाठी दुकानात गेले. नवनीतशेठला हाताची गोष्ट सांगितली तर तो हसत म्हणाला, "ताई, आधी सांगाले नको का हात कोना शे ते? आते तुन्हा बापना हात मी कोठे धुंडू?" चांगला माणूस आहे, पण त्या लांबीचे पत्रे पंधरा दिवसांनी येणार. तोवर माझ्या चुलीवर प्लास्टिक बांधलंय.

तुझा भाग पूर्ण झाला आहे. तू आलास तर पाड्यावर तुला कोणी वाकडं बोलणार नाही. बोलायचं ते आता मला बोलतील. नाही आलास तरी झाडू मी मारीनच.

आणखी एक गोष्ट राहिली. ती मी लाह्याच्या लोकांना सांगितली नाही, कारण ती त्यांची नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी बाबांना डोळ्यांनी दिसेनासं झालं. त्यांनी तुला हाक मारली. मी म्हटलं येतोय. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्याने, आणि उठून बसायला लागले. मी कुडाच्या पलीकडे, तुझ्या भागात गेले आणि तिथून जाड आवाज काढून म्हटलं, "आलो, बाबा."

ते निजले. पुन्हा हाक मारली नाही.

ते तुझं उत्तर होतं आणि ते मी दिलं. रागाव, पण इथे येऊन रागाव.

बहीण म्हणायचं की नाही ते तू ठरव.
तुळशी