पुडीचा गुण

प्रिय दानेश्वरी,

अक्षर वाकडं दिसलं तर हसू नकोस. पेनाला चिंधी गुंडाळलीय, तेव्हा कुठे ते बोटांत राहतंय. मामाच्या शिवराजच्या लग्नात, निर्णा गावी, तुझ्याशी धड बोलताच आलं नाही. सगळ्या बायका तुझ्या भरलेल्या गालांचं कौतुक करत होत्या. "दानक्का, तब्येत लई सुधारलीय की गं," म्हणत होत्या. मी तुझं तोंड पाहिलं आणि ताट तसंच सारून उठले.

सकाळी बोटं मिटत नव्हती, आता बाजारातल्या वाताच्या पुडीनं गुण आला, शिवणकाम पुन्हा जोरात सुरू झालं, असं तू हळूच सांगितलंस. वर मलाच म्हणालीस, "अक्का, कामून घाबरायलीस? अव्वाला नव्हता का वात?" अगं, आपल्या आईचा, अव्वाचा वात वेगळा. तिचे गुडघे वयानं झिजले होते. चाललं की दुखायचे, बसलं की बरं वाटायचं, तेल लावून शेकलं की तिचा दिवस निघायचा. माझं उलटं. झोपून उठलं की बोटं लाकडासारखी, कामाला लागल्यावर कुठे हळूहळू मोकळी. दोन्ही हातांचे तेच तेच सांधे सुजायचे. बीदरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, की रोगाशी लढणारी आपल्याच अंगातली ताकद चुकून आपल्याच सांध्यांवर उठते. ती का उठते, हे त्यांनाही नेमकं सांगता येईना. आपण मात्र सगळ्याला वात म्हणतो आणि एकच तेल चोळत बसतो.

मला डॉक्टरांच्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीचा कंटाळा आला होता. महिना झाला तरी फरक दिसेना, वर सारखं रक्त द्यायचं. म्हणून मीही अशीच पुडी आणली; तिनं मात्र चार दिवसांत सूज उतरली. मग गाल भरले आणि आमच्या अख्ख्या हुलसूर गावानं माझी तब्येत सुधारल्याचं जाहीर करून टाकलं. पुडीत स्टेरॉइड कुटून घातलेलं होतं, गाल त्यानंच सुजले होते, हे फार उशिरा कळलं. डॉक्टरही ते देतात, पण मोजून आणि लक्ष ठेवून. माझं दुखणं नुसतं दबलं होतं, सांधे आतून खचतच होते. हाडं ठिसूळ झाली, साखर वाढली ती वेगळीच.

लग्नघरी सकाळी पूजेला बसले, तेव्हा तुझे भाऊजी माझ्या हाताखाली हात धरून होते. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, म्हणून तू चिडवलंस. मीही हसले. खरं सांगते, माझा डावा तळवा आता उघडत नाही. पूजेत तळव्यावर धरायचं इष्टलिंग त्यावर ठरत नाही, म्हणून ते खालून आधार देतात. तुझे यजमान गेल्यापासून तू त्या घरात एकटी आहेस, दानू, आणि तुझी बोटं अजून सरळ आहेत. एवढ्यासाठीच हे लिहिलं. फोनवर तू "व्हय, व्हय" म्हणून ठेवून दिला असतास. पुडी एकदम बंद करू नकोस, जिवावर बेततं. उरलेल्या पुड्या घेऊन सोमवारी बीदरला ये, मी दवाखान्याच्या दारात थांबते. गोळीला वेळ लागेल, दुखेल, लोकांचे ब्लाउज राहतील. राहू देत. उद्या तुझ्या हाताखाली हात धरायला मी आले असते गं, पण माझ्याकडे तो हातच राहिला नाही.

तुझीच अक्का,
नेत्रावती