तुझ्या वजनाची फळी

प्रिय बेडके,

तुझी फळी आणली. बोटीमागे दोरी धरून जिच्यावर उभं राहायचं ती, वेकबोर्ड. कबूल केलं होतं तुझ्या आईनं. ते निस्तरायला उरले मी. सोबत तुझ्या मामाला नेलं होतं. त्याचा उपयोग ओझं उचलण्यापुरता, बाकी दुकानात तो नव्या जावयासारखा अवघडून उभा.

भिंतभर फळ्या टांगलेल्या आणि रबराचा वास असा की डोकं उठावं. सगळ्यात लखलखीत होती तिच्यावर मी बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, ही पटाईतांची, नवखं माणूस उभं राहायच्या आधीच तोंडावर आपटेल. शिकाऊ माणसाला लांबोडी, हलक्या बाकाची बरी. पळत नाही, पण सांभाळून घेते. म्हटलं, म्हणजे माझ्या अगदी उलट. फळीवर बसवायचे बूट पुढून उघडे घेतले, बोटं बाहेर काढता येतात म्हणून. तुझे पाय आईसारखेच फताडे. मी स्टुलावर बसून एक चढवूनही पाहिला. आजी, तुम्हीपण शिकणार का, म्हणून तो दात काढायला लागला. म्हटलं, मला ओढायला बोट कशाला, यम बसलाय की दोरी घेऊन.

मग त्यानं विचारलं, मुलीचं वजन किती? फळी म्हणे वजनावर ठरते. मी ठणकावून सांगितलं, साठ. आईच्या दुखण्याआधीचं ते. तुम्ही दोघी काट्यावर चढून एकमेकींना ढकलत होतात, तेव्हा मीच वाचलं होतं. मामा खाली बघायला लागला. तुला वसतिगृहात भेटून आल्यापासून तो धड बोलत नव्हता. मला वाटलं, बायकोशी वाजलं असेल. त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, आई, आता पंचेचाळीसही नसेल ती. ताट पुढ्यात येतं तसंच परत जातं. फोनवर तू मला तोंडाऐवजी छत का दाखवतेस, ते मला तिथं, बुटांच्या ढिगापाशी कळलं.

दुकानदारानं समजूतदारपणे लहान फळी काढली. मोठी तिला आवरायची नाही म्हणाला. मी म्हटलं, साठचीच बांध. आवरेल तशी होईल ती.

फोनवर तू 'जेवले' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे लिहितेय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, एका पानाला दुपार गेली. तुझी आई शेवटी चमचाभर पेज मागायची आणि ती तिच्या पोटात ठरत नसे. तिला खायचं होतं गं. मी वाटी धरून बसायचे आणि ती माझीच समजूत काढायची. तू उपाशी राहून ती परत येणार असती, तर मीच आधी चूल विझवली असती. एका लेकीला पोचवून आले मी. दुसऱ्यांदा ते माझ्याच्यानं होणार नाही. शनिवारी मामा गाडी घेऊन येतोय. त्याला सबबी सांगू नकोस, तो भोळा आहे, ऐकून घेईल. निमूट गाडीत बस. डॉक्टरकडे मी सोबत येईन, आणि घरी तुझ्यासमोर पान घेऊन बसेन. तू एक घास खाल्लास तरी चालेल, पण खोटं बोलू नकोस. तुझ्या आईचं म्हणून मला आता तुझ्याशिवाय कुणी नाही, हे एकदाच लिहितेय, पुन्हा म्हणायला लावू नकोस.

शनिवारी दारात उभी असेन,
तुझीच खाष्ट आजी