राउटरमधली नावं

ब्रह्मपुरी

प्रिय खैरुन,

चंद्रपूरच्या शाळेतला टायपिंगचा तास तुला आठवतो? अक्षरं दिसू नयेत म्हणून सिस्टर आपल्या हातांवर रुमाल टाकायच्या. तू टोक उचलून पाहायचीस आणि पट्टी माझ्या बोटांवर बसायची. त्याच बाकावरून तू मला भावजय करून घरी नेलंस. परवा मन्सूरच्या टेबलाशी बसले, तेव्हा बोटं तशीच भ्यालेली होती.

मन्सूरला, तुझ्या भावाला, जाऊन चार महिने झाले. तुझा निरोप मिळाला होता, त्याच्या खोलीतलं सगळं भंगारात दे म्हणून. पण कुरखेड्याहून पत्रू गुरुजींचा फोन आला. "बाई, सरांनी शाळेले एक लॅपटॉप कबूल केला होता. मले मागाले बरं नाई वाटत, पण पोरं रोज विचारून राह्यले." ऑफिसांनी टाकून दिलेली यंत्रं आणायची, त्यांवर लिनक्स चढवायचं आणि जंगलातल्या शाळांना द्यायची, हे त्याचं काम. तुझा राग त्यावरच होता. माझा जिशान अठराव्या वर्षी तापाने चार दिवसांत गेला. त्याला माती दिली आणि तिसऱ्या दिवशी त्याचा बाप पेचकस घेऊन यंत्रं खोलायला बसला. "दगड आहे माझा भाऊ," म्हणून तू वडशाला निघून गेलीस, ती सहा वर्षं त्याच्याशी बोलली नाहीस. मीही तुझ्याच बाजूची होते, फक्त त्याच्या घरात राहत होते.

दुपारी खोली उघडली. त्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास अजून तिथेच. लिनक्स त्याने लिहून ठेवलेल्या वहीत पाहून सरळ चढलं, पण इंटरनेट येईना, वायफायचं चिन्हच नाही. वहीत तो बोलायचा तसंच लिहिलेलं, "घाबरू नको. आधी कडेचं बटण पाहय. मग फोन तारेनं जोड." मी मागे वळून पाहिलं, खैरुन. खुर्ची रिकामी होती. तरी पुढची ओळ मी मोठ्याने वाचली, त्याला ऐकू जावी म्हणून. फोनच्या नेटवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवला, लॅपटॉप बंद करून चालू केला. चिन्ह आलं. पासवर्डही बरोबर, पण आपलाच राउटर आत घेईना. शेजारचे फुकट वापरायचे, म्हणून त्याने बंदोबस्त केला होता. वहीची शेवटची ओळ होती, "तरी नाई झालं त राउटरात नाव चढव. नावाबिगर तो कोणाले आत घेत नाई."

फोनवर राउटरचं पान उघडलं. त्याने आजवर घरी तयार केलेल्या प्रत्येक यंत्राचं नाव त्यात होतं. जिशान-कोरची. जिशान-धानोरा. जिशान-एटापल्ली. जिशान-भामरागड. अशी बावीस. प्रत्येकापुढे एकच शेरा, जोडलेलं नाही.

या घरात सहा वर्षं मन्सूरने ते नाव उच्चारलं नव्हतं. मी काढलं की उठून त्या खोलीत जायचा. दार लागलं की मला वाटायचं, सुटला. आणि आत तो पोराला एकेका गावाला पोचवत होता. त्या भर दुपारी मला पोर दिसलं, बावीस गावांत, शाळेच्या व्हरांड्यात उभं, कोणी हाक मारायची वाट पाहत.

मी तेविसावं नाव चढवलं. जिशान-कुरखेडा. राउटरने लगेच आत घेतलं.

पत्र लिहिलं ते यासाठी. तू त्याला दगड म्हणालीस, मी गप्प राहिले, आणि आता माफी मागायला तो नाही. हे फोनवर माझ्याने बोलवलं नसतं. तेव्हा असं कर. इथे ये आणि लॅपटॉप कुरखेड्याला तू स्वतः ने, पत्रू गुरुजींच्या हातात दे. त्यांच्या पोरांना त्या यंत्राचं नाव सांग, आणि ते कोणाचं होतं तेही. वही तू ठेव, अक्षर तुझ्या भावाचं आहे. पेचकसांचा डबा बसस्टँडवरच्या इसरूभाऊंना दे, ते मोबाइल दुरुस्त करतात. राउटर कोणालाच द्यायचा नाही. तो माझा.

तुझीच,
शिरीन