ताईच्या गाण्यांचं कुलूप

रविवार संध्याकाळ, लेस्टर

ताई गेली, आणि तिने गायलेली गाणी फक्त माझ्या जुन्या लॅपटॉपवर उरली. ज्या ऑनलाइन दुकानातून ती विकत घेतली, ते कधीच बंद पडलं. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे जाऊ नये म्हणून त्यांनी गाण्यांच्या फाइलींना घातलेलं डिजिटल कुलूप मात्र शाबूत! दुसऱ्या मशीनवर गाणी वाजतच नाहीत. पैसे देऊनही माझी नव्हेत का ती? आज तर लॅपटॉपही चालू होईना. रडूच कोसळलं.

सुधीर म्हणाला, "अगं, तेव्हा त्या गाण्यांची सीडी बर्न करता यायची. मी केली होती एक. थांब, गॅरेजमध्ये बघतो."

सापडली! सीडीला कुलूप नव्हतं. स्वयंपाकघरात ताईचा आवाज घुमला, मध्येच ती खाकरली तेसुद्धा. हुश्श! आम्ही नवराबायकोने उभ्या उभ्याच सगळी गाणी ऐकली. तोवर हॉबवरचा भात करपला.