अक्का पुस्तकात नाही

रवि. ता. ९ डिसेंबर १९९०
पहिली आली ती शेजारची पुतळाच. ओट्यावर अजून सडा वाळला नव्हता. कोणाकडं पाहुणे येणार हे त्या घरच्या आधी तिला कळतं. म्हणे सहज आले. सहज कोणी नवं लुगडं नेसून येतं का. मग शाळेच्या बाई आल्या शिरपूरहून, बरोबर त्यांचा भाऊ. त्याचा जळगावला पिंप्राळ्यात छापखाना आहे. माणूस गरीब, चहा बशीत ओतून पितो.
बाईंचं म्हणणं, चौथीच्या पोरांना वाटतं गाव आधीपासूनच होतं. शाळा आहे तिथं पुरुषभर गवताचं कुरण होतं, हे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून गोष्टीचं पुस्तक करायचं, पोरांना वाचायला. मला विचारायला आल्या. मला, दुसरी शिकलेलीला.
मग काय, दुपार कधी झाली कळलं नाही. आम्ही चौघं कसे आलो, हे दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. एक बैलजोडी. कुडाचं खोपट. डोंगरातल्या पावरा बायांनी नाल्याच्या वाळूतला झिरा दाखवला तेव्हा कुठं पाणी मिळालं. वणव्याचंही सांगितलं. बाई भराभर लिहीत होत्या.
अक्का, माझी मोठी जाऊ, पाहिजे होती. पण ती धुळ्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे.
बाई म्हणाल्या, "आजी, छापायच्या आधी सगळं वाचून दाखवीन."
पुतळा तीन कप चहा पिऊन गेली.

शनि. ता. १५ डिसें.
शाळेत गेले होते. पोरांना कूड विणायला शिकवलं. तुरकाट्या आणल्या, शेण-माती कालवली. एकीला शेणाची घाण वाटत होती, मी म्हटलं, बये, तुझी आजी यातच रांगली. तीही हसली. पोरं मला सोडीनात. घरी आले तर पाय दुखतात पण मन कसं हलकं.
एक राहिलं लिहायचं. बाईंनी विचारलं, "वणवा आला तेव्हा खोपटापुढचं गवत आधीच पेटवून दिलं, म्हणजे वणव्याला खायला काही उरू नये. हे तुम्हालाच सुचलं ना आजी?" सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी मान हलवली. सुचलं अक्काला. चुलीतलं जळतं लाकूड तीच घेऊन धावली, तिचाच हात भाजला. दोघे भाऊ बाजाराला गेलेले. मी लेकरू काखेत घेऊन नाल्यात उभी, रडत.
वाचून दाखवतील तेव्हा सांगते. तेव्हा सुधारून होईल.

सोम. ता. १४ जाने. १९९१
संक्रांत. अक्का आली धुळ्याहून. नात झाली, काळीसावळी, नाकेली. तिळगूळ देताना पुस्तकाचं सांगितलं. हातातला तिळगूळ तिनं तोंडात टाकलाच नाही. म्हणाली, "मनं नाव शे का त्यामा?"
मी म्हटलं, बठ्ठं शे. सगळं आहे म्हणून सांगून टाकलं.
चाळीस-बेचाळीस वर्षं बघते हिला. लाजलेली आज पहिल्यांदा बघितली.
बाई अजून वाचून दाखवायला आल्या नाहीत. निरोप धाडला होता, येते म्हणाल्या.

शनि. ता. १६ फेब्रु.
पुस्तक आलं. छापूनच आलं. वाचून दाखवणं वगैरे काही नाही. माझी नात सुरेखा शाळेतून घेऊन आली. वर नाव, कुरणातली गंगू. गंगू म्हणजे मी. चित्रात मी जात्यावर एकटी. आमचं जातं एकटीला ओढायचं नाही, समोर अक्का असायचीच.
मी म्हटलं नंतर वाचू. पण पोरगी ऐकते का. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागली, अक्का शेजारी लसूण सोलत. एक-एक पान. कूड, झिरा, बैल हरवला तो, सगळं गंगू करते. वणव्याच्या पानावर अक्काचा हात थांबला. गंगू लाकूड घेऊन धावते, गंगूचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजतो.
संपल्यावर अक्का म्हणाली, "मी कोठे शे?"
सुरेखानं पानं उलटीपालटी केली. "मोठी आजी, तुम्ही नाहीच यात."
अक्का उठली. लसूण तिथंच.

बुध. ता. २०
बाईंना जाब विचारायला शाळेत गेले. वर्गात पाऊल टाकलं नाही तोच पोरं भोवती. आजी, हात दाखवा. भाजलेला डाग दाखवा. मी पदराखाली हात घेतला. एका पोरीनं ओढून काढलाच. इकडून बघितला, तिकडून बघितला.
"डाग नाही," म्हणाली. "मग बाकीचं पण खोटंच का?"
कूड विणताना हसली होती तीच पोरगी.
बाईंना व्हरांड्यात म्हटलं, तुम्ही मला शब्द दिला होता. बाई म्हणाल्या, भावाला कागद स्वस्तात मिळाला, घाई झाली. आणि आजी, दोन बायका झाल्या की मुलं गोंधळतात. गोष्टीत एकच लागते.
दोघी होतो म्हणून तर जगलो. एकटी असती तर त्या कुरणात कोल्ह्यांनी... जाऊ दे. मी हे तिथं बोललेच नाही. घरी आल्यावर सुचतं सगळं.

शुक्र. ता. २२
अक्काच्या घरचं दूध मांजरानं सांडो की गाय आटो, विरजण आमच्याकडूनच जायचं, आमचं तिच्याकडून. काल तिनं पुतळाकडून नेलं. आज अंगणात ज्वारीचे बिबडे वाळत घातले, तेही पुतळाला घेऊन. पुतळा भिंतीवरून मला ऐकू येईल असं हसत होती.
बाईंनी फसवलं मला. सुरेखाच्या बापाला दहादा सांगितलं, तोही म्हणतो हो फसवलं. पण मान बाईंनी हलवली नव्हती. हे त्याला सांगितलं नाही. इथं लिहिते.

मंगळ. ता. २६
दुपारी बाई आल्या, भाऊही. मी त्यांना घरात घेतलंच नाही, सरळ अक्काच्या दारात नेलं. अक्का तूर पाखडत होती. बाई म्हणाल्या, चूक झाली, पुन्हा छापू तेव्हा तुमचं घालू, तुम्ही सांगा. अक्कानं सूप थांबवलं नाही.
मग मी बोलले. पुतळा होती, बाईंचा भाऊ होता, सगळ्यांपुढं. म्हटलं, अक्का, बाईंनी विचारलं होतं तुम्हालाच सुचलं का, आणि मी हो म्हणून मान हलवली.
आता सूप थांबलं. अक्का बाईंकडं नाही, माझ्याकडं बघत, भाजलेला हात पुढं करून म्हणाली, "मना हात जयना, नि तुनी मान हलाई."
 
बाईंनी हळूच विचारलं, मग आम्ही कधी येऊ तुमचं लिहून घ्यायला? अक्कानं तुरीतला खडा काढला, टाकला. म्हणाली, "बाई, तुम्ही या. पन हाई आठे नको."
हाई म्हणजे मी, मी तिथं नको. मी घरी आले. भिंतीपलीकडं बाईंचं बोलणं थोडा वेळ ऐकू येत होतं, अक्काचं नाही. जाताना बाई माझ्या दाराशी थांबल्या. पुढच्या मंगळवारी, ५ मार्चला, दुपारच्या एस.टी.नं अक्काचं लिहून घ्यायला येतो म्हणाल्या.