झाकलं म्हणजे विझत नाही

आई,

आज लॅपटॉप अडखळायला लागला आणि मला एकदम हसूच फुटलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघत राहिली. तिला काय सांगू? रामनगरचं आपलं स्वयंपाकघर, चुलीतली राख आणि तो कॉम्प्युटर, यांचा एकमेकांशी काय संबंध हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार? म्हणून तुलाच लिहायला बसले.

मामानं बेळगावहून स्वतःचा जुना कॉम्प्युटर आणून दिला तो तुझ्या हट्टापायी. माझी पोर यावरच शिकणार, असं तू गावभर सांगून बसली होतीस. मी शाळेतून आले तरी आधी तुझा नंबर. तू चित्रं काढायचीस, पत्त्यांचा डाव मांडायचीस, कुंभारवाड्याला माहेरी पत्रं टाईप करायचीस. मग मामाच्या मुलीची लग्नपत्रिका करायला घेतलीस आणि कॉम्प्युटर अडून बसलाच. अक्षर दाबावं, चहा पिऊन यावं, तेव्हा कुठं ते उमटायचं. आत नुसती घरघर आणि पडद्यावर मेमरी कमी पडल्याची पाटी. सामान जास्त झालं असेल म्हणून आपण दोघींनी तुझी जुनी चित्रं, पत्रं पुसून टाकली, पण फरक शून्य. मामा आला, बघितलं आणि म्हणाला, "अक्का, ह्येच्यात दम न्हाई. उद्याच्या बसनं परत नेतो." तू उठून भाकरी करायला गेलीस. मला तर रडू यायचंच बाकी होतं. हा गेला असता तर दुसरा कुठून येणार होता?

ती रात्र अजून डोळ्यांपुढं आहे. तू चुलीपाशी बसली आहेस. मामाच्या भाकरी झाल्यात. निखारे एका बाजूला ओढून तू वर राख पसरते आहेस.

"आये, इझवत का न्हाईस?" मी विचारते.

"इझवून परत पेटवायचं कुणी? कुंभारवाड्याला ओली लाकडं फुकून डोळं जायचं आमचं. झाकून ठेवायचं बघ. आत जित्तं ऱ्हातंय."

मी ताडकन उठलेच आणि कॉम्प्युटरकडे धावले. काम झालं की तू पडद्याच्या कोपऱ्यातलं वजाचं चिन्ह दाबायचीस, बंद करायच्या फुलीला कधी हात लावायची नाहीस. तुझं बघून मीही तेच करायचे, आणि कॉम्प्युटर तर रात्रीही चालूच असायचा. चित्रांच्या, पत्त्यांच्या, पत्रांच्या उघड्या खिडक्या, सगळ्या खालच्या पट्टीवर ओळीनं जाऊन बसलेल्या. दिसत नाही म्हणजे निजलंय, असं आपण धरून चाललो होतो, आणि ती मंडळी तिथं जागी राहून मेमरी खात होती. मी एकेकाला वर काढून फुली मारत सुटले. तू मागे उभी, हाताला राख तशीच.

"अगं, समदंच इझवतीस व्हय?"

शेवटचं बंद झालं आणि घरघर थांबली. तू नवरीचं नाव टाईप केलंस, बोटाबरोबर अक्षर उमटलं. केवढी हरखलीस तू! मामाला हाताला धरून आणलंस. "बघ रं, माझ्या पोरीनं काय केलं." त्यानं चार अक्षरं स्वतः दाबून पाहिली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे हितंच."

आई, त्यावरच मी शिकले. आज त्याच विद्येवर पोट भरते, आणि असं काही अडलेलं सुटलं की अजून तेवढ्याच उड्या मारते. काम झालं की बंद करा, असं रोज लोकांना बजावते. आज माझ्याच पट्टीवर बघितलं, तर भाराभर उघडं. सगळं भराभर बंद केलं. शेवटी राहिली ती तू गेल्यापासून तुला लिहायला घेतलेली पत्रं, एकही पुरं नाही. फुलीपर्यंत गेले, पण बोट दाबेना.

हे पत्रही तिथंच झाकून ठेवते आहे, तुझ्या निखाऱ्यांसारखं.