बाकीची मेंढरं कोणी राखली?

बुधवार, संध्याकाळ. घाटंजी

नव्या मंडळीत आज बायबल अभ्यासाला हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली: शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधायला जातो. बकऱ्या राखणाऱ्या शांताबाईंनी मधेच विचारलं, "पास्टर, तो एकासाठी गेला, मंग बाकीचे नव्व्यान्नव कोनाच्या भरोशावर सोडले?"

इतकी वर्षं शिकवतोय, मला हे सुचलं कसं नाही? "मले नाही माहीत, बाई," म्हणालो.

त्याच म्हणाल्या, "माह्या बकऱ्या शेजारीन पाहून राह्यली, म्हनून मी इथं बसली. त्याचंबी कोनी असनच."

ते नव्व्याण्णव डोक्यातून जाईनात. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईचं सारं तिकडे नेरच्या घरी बायको करते, म्हणून मी इथं आहे. आभार मात्र रोज देवाचेच मानतो. खोलीवर येताच तिला फोन लावला. "तुझे आभार मानायचे होते," म्हणालो.

ती घाबरलीच. "काहून? तब्येत बरी हाय न तुमची?"